पावणेदोन मिनिटांचे पोलाद

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेड गावाजवळच्या किनाऱ्यावर एक भलीमोठी, पिंपासारखी वस्तू वाहत आली. माणसाच्या उंचीहून मोठी, अंगावर शंखशिंपले चिकटलेले. आधी तर्कवितर्क झाले. ३१ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने जाहीर केले की, हा बहुधा भारताच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचा अवशेष आहे. चार दिवस बातम्या झाल्या आणि विषय मिटला.

समुद्रात पडलेला आपला अग्निबाण क्वचितच असा परत भेटतो. एरवी पहिला टप्पा बंगालच्या उपसागरात बुडतो, पुढचे टप्पे आणखी लांब पडतात किंवा जळून जातात. यंत्र बनवायला काही महिने लागतात, ते चालते काही मिनिटे आणि मग त्याला जलसमाधी मिळते. दहा वर्षांपूर्वीपर्यंत जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच रीत होती. आता अमेरिकेतील एका कंपनीचे पहिले टप्पे आपल्या पायांवर परत उतरतात, आणि त्यांतले काही वीस-तीस वेळा उडाले आहेत. त्यामुळे आपल्याकडेही विचारणा होऊ लागली आहे की, आपण अजून फेकून का देतो?

हा प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. त्याचा खरा गाभा हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबाचे एक टोक महाराष्ट्रातल्या दोन-तीन कारखान्यांच्या दारात येऊन थांबते. प्रस्तुत लेखात त्या हिशेबाचा इतिहास मांडला आहे.

साखरेचा रोलर आणि अग्निबाणाचे कवच

सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, कळंब परिसरातील माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. त्यातून वालचंदनगर हे गाव वसले. कारखान्याला यंत्रे लागत, यंत्रांना दुरुस्ती लागे. त्या गरजेतून तिथे अभियांत्रिकी कारखाना वाढला आणि पुढे तो इतरांसाठी साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवू लागला. १९७० च्या दशकापासून हाच कारखाना इस्रोसाठी अग्निबाणांची कवचे बनवतो.

पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे घन इंधनाची एक प्रचंड मोटार. तिच्यात सुमारे १३९ टन इंधन भरलेले असते, म्हणूनच तिचे नाव एस-१३९. व्यास २.८ मीटर. कवच पाच खंडांचे, मॅरेजिंग नावाच्या खास पोलादाचे. या पोलादात सुमारे १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते. हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी ते बनवते. त्याच्या पत्र्याला गोलाई द्यायची, वेल्डिंग करायचे, प्रत्येक सांध्याची क्ष-किरण तपासणी करायची, मग भट्टीत सुमारे ४८० अंश सेल्सिअसला ठेवून त्याला ताकद आणायची, शेवटी पाण्याच्या दाबाखाली परीक्षा घ्यायची. सांध्यात केसाएवढी भेग राहिली तरी पूर्ण खंड बाद होऊ शकतो.

आणि एवढे करून ही मोटार जळते सुमारे पावणेदोन मिनिटे.

त्याच कारखान्याच्या जुन्या धंद्यात काय होते ते पाहा. उसाच्या मिलचा रोलर झिजतो. गाळप हंगाम संपला की तो उतरवतात, झिजलेले बाहेरचे कवच काढून आतल्या शाफ्टवर नवे बसवतात, लेथवर खाचा पाडतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन होईपर्यंत रोलर पुन्हा जागेवर असतो. एकच शाफ्ट अनेक हंगाम चालतो. आमच्या मुरूम-उमरगा पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात कारखान्यात 'ओव्हरहॉलिंग' चालू असते, फिटर-टर्नरांना तेव्हाच जास्त काम असते. पाण्यातली मोटार जळाली की ती फेकत नाहीत, भरून आणतात.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्तीवर जगणारी यंत्रे आणि एकदाच वापरायची यंत्रे, दोन्ही एकाच ठिकाणी बनतात. हे विसंगत वाटते, पण यात कोणाचा बेफिकीरपणा नाही. कारण शोधायचे तर पंचांगात शोधावे लागते. साखर कारखाना वर्षातले शंभर-दीडशे दिवस रात्रंदिवस चालतो. अग्निबाण वर्षातून मोजक्या वेळा उडतो.

विमान परत येते

वालचंद यांच्याच आयुष्यात याची एक पूर्वतयारी सापडते. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. उद्देश होता विमाने बांधण्याचा. युद्ध अंगावर आले, १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा घेतला, आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या व्यवस्थापनाखाली गेला. त्यानंतर तिथे नवी विमाने बांधण्यापेक्षा जुनी दुरुस्त करण्याचेच काम प्रचंड प्रमाणात चालले. पूर्वेकडच्या आघाडीवरची विमाने आणि इंजिने तिथे यायची, सुटी व्हायची, तपासली जायची आणि पुन्हा उडायची.

युद्धकाळात हा दुरुस्तीचा धंदा चालला, कारण विमाने रोज उडत होती. दुरुस्तीच्या कारखान्याला सतत काम लागते. विमान महिन्यातून एकदा उडत असते, तर सगळी हत्यारे, सुट्या भागांचा साठा आणि शिकलेली माणसे बसून राहिली असती. हीच हिंदुस्तान एअरक्राफ्ट पुढे एचएएल झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये एचएएल आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट मिळाले. हिशेब केला तर एका प्रक्षेपकाला १७२ कोटी रुपये पडतात. प्रत्येक उड्डाणात त्यातले जवळजवळ सगळे परत न येणारे.

५१४ उड्डाणांचे स्वप्न

अग्निबाण परत वापरण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेच्या स्पेस शटलचा. जानेवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला मंजुरी दिली. त्याआधी आर्थिक बाजू तपासण्यासाठी नासाने मॅथेमॅटिका या संस्थेकडून अभ्यास करून घेतला होता. त्यात ऑस्कर मॉर्गनस्टर्न होते. हे तेच, ज्यांनी जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर द्यूतसिद्धान्ताचा पाया घातला. दुसरे होते क्लाउस हाइस. त्यांच्या गणितात १९७९ ते १९९० या बारा वर्षांत ५१४ उड्डाणे धरली होती. म्हणजे वर्षाला चाळीसहून अधिक. एका उड्डाणाचा खर्च तेव्हाच्या डॉलरमध्ये साधारण एक कोटी पाच लाख डॉलर येईल, असा नासाचा अंदाज होता.

या अभ्यासाला पुढे खूप नावे ठेवली गेली. गणित चुकले नव्हते. गृहीत धरलेली उड्डाणांची संख्या चुकली होती. १२ एप्रिल १९८१ ला पहिले शटल उडाले आणि जुलै २०११ मध्ये शेवटचे. तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली. सर्वांत जास्त झाली ती १९८५ साली, नऊ. २०११ मध्ये रॉजर पील्के आणि रॅडफर्ड बायर्ली यांनी सगळा कार्यक्रम धरून हिशेब मांडला, तेव्हा एका उड्डाणाची सरासरी सुमारे दीड अब्ज डॉलर निघाली.

शटलच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन मोठे बूस्टर असत. हे आपल्या एस-१३९ चे थोरले भाऊ: व्यास सुमारे ३.७ मीटर, प्रत्येकात सुमारे ५०० टन इंधन, कवच पोलादी. ते पॅराशूटने अटलांटिक महासागरात उतरत. 'लिबर्टी स्टार' आणि 'फ्रीडम स्टार' ही दोन जहाजे त्यांना ओढून आणत. किनाऱ्यावर खारे पाणी धुऊन काढायचे, उरलेले आवरण जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने खरवडायचे, खंड सुटे करायचे, रेल्वेने हजारो किलोमीटर दूर युटा राज्यात पाठवायचे. तिथे प्रत्येक खंडाची भेगांसाठी तपासणी, दाब परीक्षा, नवे अस्तर, नवे इंधन, आणि पुन्हा रेल्वेने फ्लोरिडा. जून १९८२ मधल्या चौथ्या उड्डाणाचे दोन्ही बूस्टर पॅराशूट नीट न उघडल्याने बुडाले. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' ची दुर्घटना झाली, तीही अशाच बूस्टरच्या एका सांध्यातून ज्वाळा बाहेर पडल्याने. थंडीने कडक झालेले रबरी कडे आणि सांध्याची सदोष रचना ही तिची कारणे. पण त्या चौकशीने हेही समोर आणले की, दाबाखाली वापरलेल्या कवचाचा व्यास किंचित वाढतो आणि गोलाई पूर्वीसारखी राहत नाही. वापरलेली वस्तू पुन्हा वापरायची तर ती आता नेमकी कशी आहे, हे दर वेळी नव्याने मोजावे लागते, आणि मोजण्याला पैसा लागतो.

या गोष्टीचा शेवट फार कमी जणांना माहीत असतो. शटल संपल्यावर त्या बूस्टरांची कवचे नासाकडे शिल्लक होती. चंद्रावर जाणाऱ्या नव्या एसएलएस प्रक्षेपकासाठी तीच घेतली गेली. १६ नोव्हेंबर २०२२ ला आर्टेमिस-१ उडाले तेव्हा पूर्वी शटलबरोबर उडालेले खंड त्याच्या बूस्टरांत होते. पण या वेळी पॅराशूट नव्हते, जहाजे नव्हती. तीस वर्षे जपून, घासूनपुसून वापरलेले पोलाद एकदाच उडवून समुद्रात सोडले गेले. वर्षाला एकही उड्डाण धड होत नसेल, तर परत आणण्याची यंत्रणा पोसणे महाग पडते, हे तोवर नासाला पुरते कळले होते.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

आता वाचकांनी थोडी आकडेमोड सहन करावी. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. कोणत्याही खऱ्या प्रक्षेपकाचा हा ताळेबंद नाही.

समजा, एका प्रक्षेपकाला १०० रुपये लागतात. त्यातले ६० पहिल्या टप्प्याचे, ४० उरलेल्या सगळ्याचे. (फाल्कन-९ बाबत इलॉन मस्क यांनी २०१८ साली पहिल्या टप्प्याचा वाटा साधारण इतकाच सांगितला होता.) हा प्रक्षेपक १०० किलो भार कक्षेत नेतो. म्हणजे किलोला १ रुपया.

आता पहिला टप्पा परत आणायचा. त्यासाठी परतीचे इंधन राखून ठेवावे लागते, पाय आणि पंख बसवावे लागतात. त्यामुळे भार घटतो. तो ७० किलो झाला असे धरू. परत आलेला टप्पा पुन्हा सज्ज करायला दर वेळी ६ रुपये, म्हणजे नव्याच्या दशांश खर्च.

एकदाच उडवला तर किलोला १ रुपया ४३ पैसे. दोनदा उडवला तर १ रुपया ४ पैसे. तीनदा, ९१ पैसे. दहा वेळा, ७३ पैसे. वीस वेळा, ७० पैसे. इथे दोन गोष्टी दिसतात. फायदा तिसऱ्या उड्डाणापासून सुरू होतो; आणि दहाव्यानंतर तो फारसा वाढत नाही, कारण वरचे ४० रुपये प्रत्येक वेळी जातातच.

आता सज्ज करण्याचा खर्च ६ ऐवजी ३० रुपये धरा, म्हणजे नव्याच्या निम्मा. दहा उड्डाणांनंतरही किलोला १ रुपया ४ पैसे पडतात. शंभर, हजार उड्डाणे केली तरी तो दर १ रुपयाच्या खाली येत नाही. दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीला पडत असेल आणि भार तीस टक्के घटत असेल, तर कितीही वेळा वापरा, हाती काही लागत नाही.

वाद इथेच असतो. मस्क यांनी २०२० मध्ये सांगितले होते की, त्यांचा सज्ज करण्याचा खर्च दहा टक्क्यांपेक्षा कमी आणि भारातली घट चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून दोन उड्डाणांत बरोबरी होते, तिसऱ्यात नफा. त्यांचे प्रतिस्पर्धी, युनायटेड लाँच अलायन्सचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो, यांचा हिशेब असा होता की, सगळ्या ताफ्याची सरासरी दहा उड्डाणे झाल्याशिवाय बरोबरी होत नाही. दोघे गणितात प्रामाणिक असू शकतात. आत घातलेले आकडे वेगळे आहेत.

पण या हिशेबातही एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे कारखाना. नव्या टप्प्याच्या ६० रुपयांत सगळा माल नसतो. समजा, २५ रुपये धातू, वीज, सुटे भाग. आणि ३५ रुपये शेड, यंत्रे, अभियंते, वेल्डर, तपासनीस यांचे. हा दुसरा खर्च टप्पा बनवला नाही म्हणून थांबत नाही. वर्षाला सात उड्डाणे असतील तर कारखान्याचा स्थिर खर्च ३५ गुणिले ७, म्हणजे २४५ रुपये.

आता एकच टप्पा सातही वेळा वापरला. आधीच्या हिशेबाने किलोला ७७ पैसे यायला हवेत. पण कारखाना वर्षाला एकच टप्पा बनवतो आणि स्थिर खर्च पूर्ण २४५ रुपयेच राहतो. टप्पा पडला २७० रुपयांना. सज्ज करण्याचे ३६ आणि वरच्या भागाचे २८० मिळवले तर वर्षाचा खर्च ५८६ रुपये, आणि भार गेला ४९० किलो. किलोला १ रुपया २० पैसे. फेकून देणे स्वस्त होते!

हाच कारखाना ठेवून उड्डाणे वर्षाला सत्तरवर नेली, प्रत्येक टप्पा दहादा उडवला, तर कारखाना पुन्हा पूर्ण सात टप्पे बनवतो आणि दर ७३ पैशांवर येतो. या उदाहरणात बरोबरीची रेषा वर्षाला अकरा उड्डाणांच्या आसपास येते. (टाकाऊ पद्धतीत उड्डाणे वाढली तर कारखानाही त्याच प्रमाणात वाढवावा लागेल, म्हणून तिथला दर १ रुपयाच धरला आहे.) आकडे बदलले तर रेषा सरकेल, पण नाहीशी होणार नाही. साखर कारखान्याच्या संचालकाला हे परके नाही. यंत्रे तीच, कर्मचारी तेच. ऊस कमी पडून हंगाम लवकर आटोपला की साखरेचा उत्पादन खर्च चढतो.

फाल्कनचा हंगाम

२१ डिसेंबर २०१५ ला फाल्कन-९ चा पहिला टप्पा फ्लोरिडात जमिनीवर उतरला. ३० मार्च २०१७ ला आधी उडालेला टप्पा पहिल्यांदा पुन्हा उडाला. त्या टप्प्याला सज्ज करायला नव्याच्या निम्म्याहून बराच कमी खर्च आला, असे कंपनीच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनी तेव्हा सांगितले. वरच्या हिशेबातला 'निम्मा' हा उंबरठा आठवला म्हणजे या वाक्याचे वजन कळते. २०२५ मध्ये एका टप्प्याने तिसावे उड्डाण पार केले.

तंत्र मोठेच होते, पण त्याला हंगाम मिळाला म्हणून ते फळले. २०२४ या एका वर्षात फाल्कनची १३० हून अधिक उड्डाणे झाली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांसाठी होती. गिऱ्हाईक शोधायला बाहेर जावे लागले नाही. मॅथेमॅटिकाने ज्या चाळीस उड्डाणांची वाट पाहिली, त्यांच्या तिप्पट उड्डाणांची गरज या कंपनीने स्वतःच निर्माण केली. स्वतःच्या शेतातला ऊस असलेल्या कारखान्यासारखी ही स्थिती आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी. फाल्कनचा दुसरा टप्पा परत येत नाही. तो प्रत्येक उड्डाणाला नवा लागतो, त्यात एक नवे इंजिन लागते. म्हणजे पहिले टप्पे परत येऊ लागल्यावर त्यांच्या कारखान्यातले काम संपले नाही. ते वर्षाला शंभराहून अधिक दुसऱ्या टप्प्यांकडे वळले. संख्या वाढली म्हणून पुनर्वापराने रोजगार खाल्ला नाही. संख्या वाढली नसती तर खाल्ला असता.

युरोपात हीच भीती उघड बोलली गेली. एरियन ग्रुपचे तेव्हाचे प्रमुख अलँ शार्मो यांनी २०१८ साली एका जर्मन साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीतला मुद्दा असा होता: वर्षाला दहा खात्रीची उड्डाणे असतील आणि अग्निबाण दहा वेळा वापरता येत असेल, तर आम्ही वर्षाला एकच अग्निबाण बनवू, मग कामगारांना पुढच्या वर्षी या, असे सांगायचे का? त्यांच्यावर मागासलेपणाचा शिक्का बसला. पण त्यांनी मांडला तो आपण वर केलेला २४५ रुपयांचाच हिशेब होता. त्यात पैशांखेरीज आणखी एक तोटा आहे. मॅरेजिंग पोलादाचे वेल्डिंग करणारा हात वर्षभर रिकामा राहिला, तर पुढच्या वर्षी तोच सफाईदारपणा मिळेलच याची खात्री नसते.

आपला हंगाम केवढा?

२९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याहून शंभरावे प्रक्षेपण झाले. पहिले झाले होते १० ऑगस्ट १९७९ ला. शंभर प्रक्षेपणांना ४५ वर्षांहून अधिक काळ लागला. आपली सर्वांत गजबजलेली वर्षे २०१६, २०१८ आणि २०२३. प्रत्येकात सात प्रक्षेपणे. तीही एका प्रकारच्या अग्निबाणाची नव्हेत, तर पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम-३, एसएसएलव्ही अशी विभागलेली. एका प्रकाराच्या वाट्याला आलेली संख्या आणखी लहान.

हे पाहिले म्हणजे आपल्या संस्थापक पिढीने घन इंधनाचा टाकाऊ पहिला टप्पा का निवडला, ते उलगडते. त्या पिढीत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर होते. मराठी वाचक त्यांना मोसमी पावसाच्या १६ घटकांच्या अंदाजामुळे ओळखतात. पण त्याआधी थुंब्याला घन इंधनाचे तंत्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. घन इंधनाची मोटार साधी, भरवशाची, देशातल्या कारखान्यांत बनवता येईल अशी. वर्षाला दोन-चार उड्डाणांसाठी तोच शहाणा व्यवहार होता. तिची मर्यादाही तिच्या स्वभावातच आहे: घन इंधन एकदा पेटले की विझवून पुन्हा पेटवता येत नाही, म्हणून ती आपल्या बळावर परत उतरू शकत नाही. एस-१३९ कधी फाल्कनसारखा होणार नाही.

म्हणून पुनर्वापर करायचा तर पहिला टप्पाच बदलावा लागतो. इस्रोची तयारी टप्प्याटप्प्याने चालली आहे. जानेवारी २००७ मध्ये कक्षेत बारा दिवस फिरलेली कुपी बंगालच्या उपसागरातून सुखरूप परत मिळवली. २३ मे २०१६ ला पंख असलेल्या छोट्या यानाची चाचणी झाली. २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ या दिवशी चित्रदुर्गला हेलिकॉप्टरमधून सोडलेले यान धावपट्टीवर आपोआप उतरले. आणि १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. हा प्रक्षेपक पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार नेईल, त्याचा पहिला टप्पा परत वापरता येईल, आणि एलव्हीएम-३ च्या दीडपट खर्चात तिप्पट भार वाहील, असे उद्दिष्ट आहे. इंधन द्रवरूप मिथेन आणि ऑक्सिजन.

या निर्णयाचे महाराष्ट्रावर होणारे परिणाम अजून फारसे बोलले गेलेले नाहीत. वालचंदनगरची एस-१३९ ची कवचे आणि लार्सन अँड टुब्रोने पवईत बनवलेली एलव्हीएम-३ च्या एस-२०० बूस्टरची कवचे ही घन इंधनाच्या युगाची कामे आहेत. मिथेनच्या टप्प्याला असे जाड पोलादी कवच लागत नाही, हलक्या टाक्या लागतात. विक्रोळीत गोदरेजचा कारखाना द्रव इंधनाची विकास इंजिने बनवतो. त्याच्या कौशल्याला नव्या प्रक्षेपकात जागा सापडण्याची शक्यता जास्त, कारण असे टप्पे अनेक इंजिनांच्या जुडग्यावर चालतात. पण इंजिने परत येऊ लागली की नव्यांची संख्या उड्डाणांच्या संख्येवर टांगली जाईल.

इथे दोन मार्ग दिसतात. एक असा की, आपण टप्पा परत उतरवू, त्याचा अभिमान बाळगू, आणि वर्षाला चार-पाच उड्डाणे करत राहू. तसे झाले तर शटलची पुनरावृत्ती होईल: सुंदर यंत्र, महाग उड्डाण. दुसरा असा की, उड्डाणांची मागणी आधी बांधायची. देशाचे स्वतःचे दळणवळणाचे उपग्रहसमूह, अंतराळ स्थानकाची रसद, परदेशी गिऱ्हाईक. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये एलव्हीएम-३ ने वनवेबचे ३६-३६ उपग्रह नेले. रशियाचे अग्निबाण मिळेनासे झाले म्हणून ते काम आपल्याकडे आले. अशी संधी दर वर्षी दार ठोठावणार नाही, हे गृहीत धरूनच योजना आखायला हवी.

शिवाय टप्पा सज्ज करणे हेही एक उत्पादनच आहे, हे धोरणात स्पष्ट दिसायला हवे. परत आलेले इंजिन कोण उघडणार? भेगा कोण शोधणार? त्याचे कंत्राट बनवणाऱ्या कारखान्यालाच मिळणार की वेगळ्या यंत्रणेला? ज्या हातांनी यंत्र बनवले, त्यांनाच त्यातली झीज लवकर ओळखू येते. बंगळूरच्या कारखान्याने १९४३ नंतर हे सिद्ध केले होते. नव्याची मागणी घटत असताना दुरुस्तीचे काम त्याच शेडमध्ये आले, तर २४५ रुपयांचा बोजा दोन कामांत वाटला जातो आणि कौशल्यही टिकते. आमच्याकडचे साखर कारखाने हंगामात चालतात आणि उन्हाळ्यात दुरुस्ती करतात, ती बहुतेक ठिकाणी तीच माणसे असतात.

पीएसएलव्हीचे टप्पे आज समुद्रात जातात. आपला हंगाम जेवढा होता, तेवढ्यासाठी तो हिशेब बरोबर होता. आता ८,२४० कोटी रुपये खर्चून आपण वेगळे यंत्र बांधायला निघालो आहोत. वर्षाला किती वेळा आणि कोणासाठी उडायचे आहे, या प्रश्नाचे उत्तर इंजिनाच्या आराखड्याइतक्याच काळजीने लिहिले गेले, तर पुढच्या पिढीचे पोलाद पावणेदोन मिनिटांपेक्षा बरेच जास्त जगेल.